तीस गोळ्या, चाळीस दिवस

शेळगावात माझं औषधाचं दुकान आहे. दुकानाचं नाव आनंद मेडिकल, माझंही नाव आनंद, आणि गावाचं म्हणणं असं की हे नाव दोघांपैकी कुणालाच शोभत नाही. मला राग लवकर येतो, हे मला मान्य आहे. पण बावीस वर्षं काउंटरमागं उभं राहून तुम्हीही तेच ते प्रश्न ऐका, मग बघू. बीपीची गोळी डोकं दुखल्यावरच घ्यायची ना? नाही. आता बरं वाटतंय, बंद केली तर चालंल ना? नाही. लोणी देवकरच्या कारखान्यात पाळी करणारी पोरं तर दारातूनच ओरडतात, "आनंदशेठ, एक बीपीची गोळी द्या, आज लई गरगरतंय." एक! शेंगदाण्याची पुडी मागावी तशी.

अशा माणसाला थक्क करणं सोपं नसतं. मला विजयमाला वहिनींनी थक्क केलं, म्हणून हे लिहायला बसलो.

विजयमाला वहिनी आमच्या गावच्या आशाताई. भावकीतल्या, नात्यानं माझ्या भावजय. शिक्षण नववी, वय पंचेचाळीसच्या आसपास. लग्न होऊन आल्या त्याच्या पाचव्या वर्षी त्यांच्या सासऱ्यांना लकवा मारला. त्यांना बीपी होतं हे घराला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढं नऊ वर्षं ते खाटेवर होते, आणि वहिनींनी त्यांचं सगळं केलं. घास भरवण्यापासून कूस बदलण्यापर्यंत. त्याबद्दल त्या फारसं बोलत नाहीत. एकदाच म्हणाल्या होत्या, "दुखत न्हाय, हाच त्याचा डाव हाय भाऊजी. दाढ दुखली की माणूस इंदापूर गाठतो. ह्ये दुखतच न्हाय, मंग कोण उठतंय?"

आशाताई झाल्यावर त्यांच्या पिशवीत बीपीचं मशीन आलं आणि त्या वस्तीवस्तीवर फिरायला लागल्या. त्यांची मोजण्याची रीत बघून मी हसायचो. माणसाला भिंतीला पाठ टेकून बसवायचं, पाय जमिनीला टेकवायचे, हाताखाली उशी द्यायची आणि पाच मिनिटं गप्प बसायला लावायचं. बायकांना आधी विचारायचं, "मिशरी लावून अर्धा तास झाला का? चहा घेतलाय का?" मी म्हणायचो, वहिनी, बीपी बघताय का मुलगी बघताय? त्या हसायच्या आणि आपलं तेच करायच्या. एकदा आकडा जास्त आला म्हणून कुणाला घाबरवायच्या नाहीत. वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजायच्या, वहीत लिहायच्या आणि मगच सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवायच्या.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. घरच्या गौरी जेवून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानात आल्या. हातात वही होती. भर गर्दीत मला विचारलं, "भाऊजी, तीस गोळ्या किती दिवस पुरत्यात?"

"तीस दिवस," मी म्हणालो. "हा काय प्रश्न झाला?"

"मंग आपल्या गावात चाळीस दिवस कशा पुरत्यात?"

मी म्हणालो, लोक आळशी आहेत, विसरतात. खरं तर हे मलाही दिसत होतं. कोण कधी पाकीट घ्यायला येतं ते दुकानदाराला पाठ असतं. माझ्या गिऱ्हाइकांतल्या बायका दर खेपेला आठ-दहा दिवस उशिरा यायच्या, आणि मी आपला कपाळावर आठ्या घालून पाकीट पुढं सरकवायचो. उशीर का होतो हे विचारायची बुद्धी मला बावीस वर्षांत झाली नव्हती.

"विसरत असत्या तर कधी पाच दिवस चुकलं असतं, कधी पंधरा," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचं हिशोबात चुकतंय. मंगळवारवाल्यांचं येगळं, सोमवारवाल्यांचं येगळं." आणि त्यांनी काउंटरवर कॅलेंडर पसरलं. सव्वीस बायकांची नावं, प्रत्येकीचे उपवास आणि प्रत्येकीच्या उरलेल्या गोळ्या. चार मंगळवार, दोन एकादशा, एक संकष्टी, वर श्रावणातले सोमवार. ज्या दिवशी उपास, त्या दिवशी गोळी नाही. गोळी तोंडात गेली की उपास मोडतो! वर दिवसभर साबुदाणा, खारे शेंगदाणे, बटाट्याचा चिवडा, आणि त्यात सैंधव चालतं म्हणून मूठमूठ सैंधव. सैंधव म्हणजे शेवटी मीठच की हो.

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. मी म्हणालो, "काय अडाणी बायका आहेत!"

वहिनींनी वहीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. चंद्राबाई.

चंद्राबाई माझी आई.

आदल्या वर्षीच्या नवरात्रात, सातव्या माळेच्या सकाळी, आईच्या हातातलं ताट खाली पडलं होतं. तोंड एका बाजूला ओढलं, जीभ जड झाली, मला 'आनंदा' म्हणायला गेली आणि नुसताच आवाज आला. आम्ही तिला गाडीत घालून बारामतीला नेलं. पोहोचेपर्यंत ती नीट बोलायला लागली होती, उलट मलाच म्हणाली की दुकान उघडं टाकून कशाला आलास. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेतलं. म्हणाले, ही सूचना होती, पुढच्या वेळी सूचना येईलच असं नाही. बीपी सांभाळा. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की गोळी घरात माझ्याच दुकानातून जाते, एक दिवस खंड नाही. आम्ही सगळे समजत होतो की उपासाच्या अशक्तपणानं ते झालं.

वहिनींच्या वहीतून आता कळलं, ते सात दिवस तिनं गोळी घेतली नव्हती. औषधविक्याच्या घरात, औषधविक्याच्या आईनं! आणि आता नवरात्र तीन आठवड्यांवर आलं होतं.

मी दुकान बायकोवर, माधवीवर, सोडून घरी गेलो आणि आईशी भांडलो. ती शेवग्याच्या शेंगा सोलत होती. माझं सगळं ओरडून झाल्यावर म्हणाली, "झालं? आता ऐक. तू सात वर्साचा व्हतास. तुला ताप आला आन् उतरंना. बारामतीच्या दवाखान्यात तुला बर्फावर ठिवला व्हता. मी देवीला बोलले, माझं लेकरू दे, जलमभर तुझ्या नऊ माळा निस्त्या फळावर आन् दुधावर काढीन, दुसरं काय बी तोंडात घालणार न्हाय. तिनं तिचं केलं. मी माझं करती. त्रेचाळीस वर्सं झाली. गोळी काय फळ हाय का दूध हाय?"

जीव माझा, नवस माझ्यासाठी, आणि मीच तिला तो मोड म्हणून सांगत होतो. मी डॉक्टरीणबाईंना विचारून आलो. त्या म्हणाल्या, उपास करू दे, पाणी भरपूर पिऊ दे, चक्कर आली तर लगेच आणा. तिच्या गोळीला पोटात अन्न लागत नाही, पण गोळी बंद करायची नाही. आईनं हे ऐकून घेतलं आणि मान हलवली. 'व्हय' म्हणून नव्हे, 'तुझं चालू दे' म्हणून.

तेव्हा मी ती गोष्ट केली जिची मला आजही लाज वाटते. पुढच्या मंगळवारी मी गोळी खलबत्त्यात बारीक केली आणि आईच्या नारळपाण्यात मिसळली. पेला उचलला तेवढ्यात विजयमाला वहिनी मागच्या दारानं आत आल्या. खलबत्ता बघितला, पेला बघितला, सगळं समजल्या. माझ्या हातातून पेला घेतला आणि मोरीत ओतून दिला.

"भाऊजी, फसवून किती दिस द्याल? नऊ? त्यांना कळलं तर तुमच्या हातचं पाणी बी घेणार न्हायत. अन् ही गोळी नऊ दिसांची न्हाय, जलमाची हाय."

"मग मरू देऊ तिला?" मी इतक्या जोरात ओरडलो की अंगणातल्या कोंबड्या उधळल्या.

त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "त्रेचाळीस वर्सं ज्या बाईनं एक दिस नवस चुकवला न्हाय, तिच्यासारखं एक तरी गिऱ्हाईक तुमच्या दुकानात हाय का? एक सांगा."

मी विचार केला. एकही नव्हतं.

"मंग ही अडचण न्हाय, भाऊजी. ही ताकद हाय. ती आपल्या बाजूला नाय एवढंच." असं म्हणून त्या माजघरात आईकडं गेल्या.

खरं सांगतो, त्या क्षणी मी मनातून हरलो. ज्या गोष्टीला मी बावीस वर्षं अडाणीपणा म्हणत होतो, तीत या बाईला ताकद दिसली होती.

त्या दिवसापासून वहिनी रोज सकाळी फेरीला निघण्याआधी आमच्याकडं यायला लागल्या. नवसाचं नाव काढलं नाही, गोळीचंही नाही. आईला म्हणाल्या, "आत्याबाई, तुमाला आकडे वाचता येत्यात ना?" आईला अक्षर येत नाही, पण तीस वर्षं तिनं डेअरीला दूध घातलंय. फॅट किती लागलं, डिग्री म्हणजे दुधाचा दाटपणा किती आला हे ती मशीनवर स्वतः वाचायची, आणि डेअरीवाल्यानं चुकीचं लिहिलं तर त्याला तिथंच धुवायची. तिला बीपीचं मशीन शिकायला दोन दिवस पुरले. पट्टा कोपराच्या वर दोन बोटं, हात उशीवर, पाच मिनिटं गप्प. गप्प बसणं तिला सगळ्यात जड गेलं. वहिनींनी सांगितलं, वरचा आकडा एकशेचाळीसच्या आत असावा, खालचा नव्वदच्या आत. मशीन आमच्याकडंच ठेवून त्या स्वतः उपकेंद्रातलं जुनं घेऊन फिरू लागल्या. आई रोज मोजायची आणि कॅलेंडरच्या चौकटीत माधवीकडून आकडा लिहून घ्यायची.

पितृपक्षात सोमवारी संकष्टी आली आणि तिला लागून मंगळवार. दोन्ही दिवस आईनं गोळी घेतली नाही. वहिनींना ते माहीत होतं आणि त्या काही बोलल्या नाहीत. मी मात्र आतून जळत होतो. रविवारी एकशे अडतीस होता. मंगळवारी सकाळी एकशे बावन्न. बुधवारी एकशे अडुसष्ट, खालचा अठ्ठ्याण्णव.

बुधवारी सकाळी आई कॅलेंडरसमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "म्हशीची पेंड चुकली की दुसऱ्या दिशी फॅट उतरायचं. ह्ये तसंच, फकस्त उलटं." बोट एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर नेत ती पुढं म्हणाली, "दोन दिसात एवढं. मंग नऊ दिसात?"

तिच्या आणि माझ्या मनात तेच ताट पडलं असणार. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं स्वतः वाचलं होतं. मला वाटलं, झालं, सुटलो. मी म्हणालो, "मग आता घेशील ना?"

"न्हाय," आई म्हणाली. "माझं व्हायचं त्ये हुईल. माझ्या जिवासाठी तुझा नवस मोडू व्हय?"

मी तिथंच डोकं धरून बसलो. ही बाई मरण दिसत असताना माझ्यासाठी मागं हटत नव्हती. माझा राग गेला आणि भीती वाटायला लागली. तिच्या मरणाची, आणि तिच्या त्या निश्चयाचीही.

वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं, त्यांनी मनातलं सांगितलं." दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी गेलो. एका गिऱ्हाइकाशी वाजलं होतं, त्यामुळं तणतणतच आत शिरलो. आई आणि वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "आत्याबाई, आता दुसऱ्याच्या दंडाला पट्टा बांधून बघा. भाऊजी, बसा."

मी म्हणालो, मला वेळ नाही. आई म्हणाली, "बस." पन्नास वर्षांचा झालो तरी त्या 'बस'पुढं माझं काही चालत नाही. पाठ भिंतीला, पाय जमिनीला. पाच मिनिटं गप्प. आईनं पट्टा बांधला, बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, थांबलं. आईनं आकडा वाचला आणि पुन्हा वाचला.

एकशे बहात्तर. खालचा एकशे सहा.

"ह्याचा तर माझ्याहून जास्त हाय," आई म्हणाली. मग वहिनींकडं वळून विचारलं, "ह्यो कुठला उपास करतो?"

"ह्ये गोळीच घेत न्हायत," वहिनी म्हणाल्या. "कधी मोजलंच न्हाय. मोजलं आसंल तर सांगू द्या की."

मी बावीस वर्षं बीपीच्या गोळ्या विकत होतो आणि स्वतःच्या दंडाला पट्टा कधी बांधला नव्हता. मी म्हणालो, चिडून आलोय म्हणून जास्त आला असेल. वहिनी म्हणाल्या, आसंल, म्हणूनच उद्या सकाळी परत, परवा परत. आईनं तिन्ही दिवस मोजलं. एकशे चौसष्ट. एकशे सहासष्ट. शेवटच्या दिवशी तिनं आकडा लिहून घेतला आणि कॅलेंडर खाली काढून मांडीवर घेतलं. एका ओळीत तिचे आकडे होते, एका ओळीत माझे.

"विजू," ती म्हणाली, "मी नऊ दिस गोळी सोडली, तर ह्यो काय शिकंल?"

वहिनी गप्प राहिल्या. आईला गप्प बसायला त्यांनीच शिकवलं होतं, आता त्या स्वतः बसल्या.

"म्हणंल, म्हातारी सोडती, मी बी सोडतो. देवीनं लेकरू माघारी दिलं ते काय असं घालवायला?" आईनं कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं. "फळ आन् दूध हाय तसं चालंल. त्यात आजपासनं गोळी वाढली. देवीला मी सांगते. ती बी आईच हाय."

एवढंच. कुठला वाद नाही, कुणी हरलं नाही. नवस मोडला नाही, उलट मोठा झाला. मी वहिनींकडं बघितलं तर त्या पदरानं डोळे पुसत होत्या. नंतर मी त्यांना विचारलं की माझं बीपी वाढलेलं आहे हे त्यांना आधीच माहीत होतं का. म्हणाल्या, "तुमी दुकानात वरडता तवा मानंची शीर दिसती, भाऊजी. अख्ख्या गावाला दिसती."

सर्वपित्री अमावास्येला आईनं मला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडं नेलं. अमावास्येला दवाखान्यात कुणी जातं का, असं मी म्हणून बघितलं, पण उपयोग झाला नाही. मला गोळी सुरू झाली, मीठ कमी झालं आणि रोज अर्धा तास कॅनॉलच्या कडेनं चालायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी घट बसला. आईनं पहाटे आंघोळ केली, घटाभोवती माती पसरली, धान्य पेरलं, पहिली माळ चढवली. मग दोन पाकिटं घटासमोर ठेवली, एक तिचं, एक माझं. दोन्ही नवीन, दोन्ही तिनं माझ्यासमोर फोडली. हात जोडून काहीतरी पुटपुटली आणि पाण्याबरोबर गोळी घेतली. मग दुसरी माझ्या तळहातावर ठेवली. प्रसाद घ्यावा तशी मी ती दोन्ही हातांनी घेतली. नऊही दिवस असंच चाललं. सातव्या माळेला माधवीचं आणि माझं कामात लक्ष नव्हतं. आई मात्र एकशे चौतीस आकडा वाचून डाळिंब सोलत बसली.

ही बातमी वहिनींनी पसरवली नाही. आईनं पसरवली. देवळात, दळणाच्या गिरणीत, हळदीकुंकवाला. जिच्या नवसाचं गावात नाव होतं तिनंच सांगितल्यावर बायकांच्या मनातली गाठ आपोआप सुटली. वहिनींच्या वहीतल्या सव्वीस जणींपैकी एकवीस जणी आता उपासाला गोळी घेतात. उरलेल्या पाच जणींच्या घरी वहिनी अजून जातात, भिंतीला पाठ टेकवून त्यांना गप्प बसवतात. या बाईला मी नववी शिकलेली म्हणायचो.

घट बसल्यापासून बरोबर तिसाव्या दिवशी सकाळी दुकानात गर्दी होती. आई आली आणि रांगेत उभी राहिली. मी पुढं ये म्हणालो तरी आली नाही. तिचा नंबर आल्यावर तिनं पिशवीतून तिचं पाकीट काढलं आणि काउंटरवर ठेवलं. रिकामं. तीस दिवस, तीस गोळ्या. मी नवीन पाकीट काढायला वळलो.

"थांब," ती म्हणाली, आणि माझं पाकीट काढून त्याच्या शेजारी ठेवलं. ते तिला माझ्या शर्टाच्या खिशात सापडलं होतं. त्यात एक गोळी शिल्लक होती.

"माझ्या सपल्या," आई म्हणाली. "तुझी एक उरलीया. कुठल्या दिशी चुकवलीस?"

सगळी रांग माझ्याकडं बघत होती. दिवाळीचा माल आणायला पुण्याला गेलो होतो, गडबडीत राहिली, असं सांगता आलं असतं. पण माझ्यासाठी त्रेचाळीस वर्षांत एकही दिवस न चुकवलेली बाई काउंटरच्या पलीकडं उभी होती, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं वळून पुण्याला गेलो त्या दिवसाच्या चौकटीवर बोट ठेवलं.